मदत हवी आहे: हॅलोविनचे फोमचे खांब वाऱ्यात कसे टिकवायचे?

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत राहतो. ३१ ऑक्टोबरसाठी घरासमोर जुन्या स्मशानाच्या फाटकासारखे दोन खांब करतोय. उंची साधारण ५ फूट, माथ्यावर भोपळा. २ इंची गुलाबी इन्सुलेशन फोमच्या पट्ट्या चिकटवून पोकळ चौकोनी खांब, त्यावर दगडांच्या सांध्यांच्या रेघा कोरलेल्या. रंग लॅटेक्सचाच देणार, कारण साध्या स्प्रे पेंटमधलं सॉल्व्हंट फोम खाऊन टाकतं. भोपळ्यात मेणबत्ती अजिबात नाही, बॅटरीवरचे एलईडी.

अडचण वाऱ्याची आहे. फोम इतका हलका की जोराची झुळूकही पुरेल. जमिनीत सळई ठोकून तिच्यावर पीव्हीसी पाइप बसवावा आणि त्यावर वरून खांब चढवावा, की तळाला प्लायवूड लावून आत वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात? सळई ठोकायची झाली तर आधी ८११ ला (खोदण्याआधी फोन करायचा इथला नंबर) फोन करून जमिनीखालच्या गॅस-पाण्याच्या लाइनच्या खुणा करून घेईन. पण पाइप आणि फोम यांच्यातली फट कशाने भरायची? आणि पावसात टिकेल, फोमलाही चालेल असा गोंद कोणता?

कँडी मागायला येणारी लहान मुलं अगदी या खांबांमधूनच जाणार, त्यामुळे मजबुतीची खरंच काळजी वाटते. कुणी असे खांब केले असतील तर आतल्या सांगाड्याचा फोटो नक्की टाका.