नवा गेम, नवा फोन पहिल्याच दिवशी कशाला घ्यायचा?

सबुरी
बाजारात येण्याआधीच पैसे भरून गेम किंवा फोन राखून ठेवायची सवय आपल्याच मुळावर येते, असं माझं ठाम मत आहे.

'सायबरपंक २०७७' आठवा. १० डिसेंबर २०२० ला तो आला तेव्हा आगाऊ नोंदण्या ८० लाखांच्या वर गेल्या होत्या. परीक्षकांना आधी दिली होती ती फक्त पीसीची आवृत्ती. प्लेस्टेशन ४ या सोनीच्या गेमिंग कन्सोलवर गेमचे काय हाल आहेत, ते पैसे भरलेल्यांनाच पहिल्यांदा कळलं. चित्र धूसर, खेळ अडखळत चाललेला, मध्येच सगळं बंद. आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. पुन्हा विक्रीला यायला २१ जून २०२१ उजाडलं. सप्टेंबर २०२३ मध्ये २.० आवृत्ती आली तेव्हा गेम खरोखर सुंदर झाला होता, आणि तोवर सेलमध्ये निम्म्या किमतीतही मिळत होता. ज्यांनी सर्वांत जास्त पैसे मोजले त्यांच्या वाट्याला सर्वांत वाईट गेम आला. हे मला अन्यायाचं वाटतं.

यामागचं कारणही साधं आहे. पूर्वी डिस्क छापली की काम संपायचं, म्हणून चुका आधीच निस्तराव्या लागत. आता इंटरनेटवरून दुरुस्ती पाठवता येते, त्यामुळे ठरलेली तारीख पाळायची आणि उरलेलं काम नंतर करायचं, हे सहज खपून जातं. पैसे आधीच जमा असतील तर घाई करायला हरकत कुणाची?

पहिला_शो
असहमत. गेम म्हणजे काही नुसती वस्तू नाही. पहिल्या दोन आठवड्यांत सगळे एकाच वेळी तो शोधत असतात. कुठली वाट कुठे जाते हे कुणालाच माहीत नसतं, रात्री मित्रांशी त्यावरच बोलणं होतं. दोन वर्षांनी तोच गेम घ्या, कथेचा शेवट तोवर शंभर ठिकाणी फुटलेला असतो. मल्टिप्लेअर असेल तर खेळायला माणसंच सापडत नाहीत. ती मजा सेलमध्ये मिळत नाही.

आणि थांबलं की स्वस्त मिळतं, हेही नेहमी खरं नाही. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याचीच किंमत ५४,९९० झाली. थांबलेल्यांनी पाच हजार जास्त मोजले.

मोबाइल_गल्ली
मी फोनच्या दुकानात काम करतो, म्हणून फोनपुरतं सांगतो. नवं मॉडेल आलं की पहिले काही आठवडे धड कव्हर मिळत नाही, टेम्पर्ड ग्लास नीट बसत नाही. हे चालवून घेता येतं. पण फोन पडून डिस्प्ले फुटला तर सर्व्हिस सेंटरला पार्टच आलेला नसतो, आणि गिऱ्हाईक हप्ते भरत जुना फोन वापरत बसतं. त्याचा चेहरा बघवत नाही.

सबुरी
@पहिला_शो, प्लेस्टेशनच्या किमतीचा मुद्दा मान्य. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये तो ४९,९९० ला मिळाला किती जणांना? साठा काही मिनिटांत संपायचा आणि पुन्हा विकणारे त्यावर हजारो रुपये चढवायचे. घाई करणाऱ्या गर्दीवरच तो धंदा चालतो.

उलट बाजूचं उदाहरण निन्टेंडो ३डीएस, हातात धरून खेळायचा छोटा कन्सोल. मार्च २०११ मध्ये अमेरिकेत २४९.९९ डॉलरला आला आणि ऑगस्टमध्ये १६९.९९ वर उतरला. आधी घेणाऱ्यांची समजूत घालायला कंपनीने वीस जुने गेम फुकट दिले.

खटका
फोनच्या बाबतीत तर जिवाशी खेळ होऊ शकतो. सॅमसंगचा गॅलक्सी नोट ७ ऑगस्ट २०१६ मध्ये आला, बॅटऱ्या पेटू लागल्या आणि २ सप्टेंबरला कंपनीने सुमारे २५ लाख फोन परत मागवले. बदलून दिलेलेही पेटले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो कायमचा बंद झाला. आपल्याकडे विक्री तेव्हा सुरूच व्हायची होती, म्हणून इथले ग्राहक वाचले. केवळ काही आठवड्यांचा फरक!

पहिला_शो
अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजता येतील. सगळेच थांबले तर चुका सापडणार कुणाला? 'बाल्डर्स गेट ३' ऑक्टोबर २०२० मध्ये अर्धवट अवस्थेत विक्रीला आला. लोकांनी पैसे देऊन तो खेळला, तक्रारी कळवल्या, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये जो गेम पूर्ण झाला तो तुम्ही थांबणारे आज मजेत खेळता. आधी पैसे टाकणाऱ्यांना नावं ठेवताना एवढं तरी लक्षात ठेवा.

सबुरी
नावं ठेवत नाही, आणि ते उदाहरण तुम्ही दिलंत हे बरंच झालं. तिथे निर्मात्यांनी स्वच्छ सांगितलं होतं की गेम अपुरा आहे, पहिलाच अंक खेळता येईल. ज्याला पटलं त्याने घेतला. माझी तक्रार अपुरा माल पूर्ण म्हणून विकणाऱ्यांबद्दल आहे.

आणि सगळ्याच गोष्टी नंतर दुरुस्त होत नाहीत. ह्युमेन कंपनीची एआय पिन, म्हणजे कपड्यावर लावायचं एआय उपकरण, एप्रिल २०२४ मध्ये ६९९ डॉलरला आली, वर दरमहा २४ डॉलर. २८ फेब्रुवारी २०२५ ला सर्व्हर बंद झाले आणि ती निकामी झाली. पैसे परत मिळाले ते फक्त शेवटच्या नव्वद दिवसांत घेणाऱ्यांना. ज्यांनी सर्वांत आधी विश्वास टाकला, त्यांना काहीच नाही.

नवखी_गेमर
आमचा चौघींचा ग्रुप एक नवा को-ऑप (एकत्र मिळून खेळायचा) गेम पहिल्याच दिवशी घ्यायचा म्हणतो आहे. मग काय करावं?

पहिला_शो
बिनधास्त घ्या. चौघी एकत्र खेळणार असाल तर पैसे वसूल आहेत.

सबुरी
घ्या, पण आगाऊ नोंदणी करू नका. डिजिटल प्रतींचा साठा संपत नाही. संध्याकाळपर्यंत थांबा आणि तुमच्यासारख्याच मशीनवर खेळलेल्यांचं म्हणणं वाचा. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेत असाल तर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत, आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या खाली असेल, तर पैसे परत मागता येतात. सर्व्हर चौघींनाही जोडून घेतो का, ते त्या दोन तासांतच बघून घ्या.