ऑगस्टपर्यंत थांबू नका

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात धनुष्यबाणाने हरणांची शिकार करायचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यात उघडतो, म्हणून शिकारीच्या जमिनीची तयारी ऑगस्टमध्ये बघू, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते तोवर फार उशीर होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडं निष्पर्ण असतात. हरणांच्या वाटा, नरांनी शिंगं घासून सोललेली खोडं, बसायच्या जागा, सगळं उघडं पडलेलं दिसतं. मचाण कुठे बांधायचं ते तेव्हाच ठरवा. बाणाचा भरवशाचा पल्ला २०-३० यार्ड. हरणांची वाट ५० यार्डांवर असेल तर झाड कितीही देखणं असो, उपयोग शून्य. आणि मचाणापर्यंत तुम्ही कुठून जाणार? वारा तुमच्याकडून हरणांच्या बसायच्या जागेकडे वाहत असेल, तर त्यांना तुमचा वास लागतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

झाडी छाटून बाणासाठी मोकळ्या पट्ट्या करायच्या त्याही थंडीतच. ओक तर एप्रिल ते जुलै अजिबात कापू नका. ताज्या जखमेवर भुंगेरे येतात आणि ओक विल्टची बुरशी सोबत आणतात. लाल ओक त्या रोगाने काही आठवड्यांत वाळतो.

हरणांना चरायला क्लोव्हर (तीन पानांचा चारा) पेरणार असाल तर आधी माती तपासून घ्या. पीएच (आम्लतेचा आकडा) ६ च्या खाली, म्हणजे माती आम्ल असेल तर चुना टाका, पण त्याचा परिणाम दिसायला महिने जातात. बी मार्चमध्ये नुसतं फेकलं तरी चालतं. रात्री गोठणारी, दिवसा वितळणारी जमीन ते आपोआप भेगांत ओढून घेते.

मचाण झाडाला बांधायचे जुने पट्टे मात्र काढून टाका, उन्हाने कुजतात आणि खारी कुरतडतात.