मदत हवी आहे: छोट्या इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनवर १० नंबरचा रॉड चालेल का?

चोपडा तालुक्यात मळ्यावर सिंगल फेज इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आहे. प्लेटवर २०० अँपिअर छापलंय, पण ते कितपत खरं कोण जाणे. मळ्यातला व्होल्टेज संध्याकाळी १८०च्या खाली येतो. थ्री फेज लाइन आहे, पण हे मशीन त्यावर चालत नाही. जनरेटरचं बजेट नाही.

काम ट्रॉलीच्या फाळक्याचं: ५ मिमीचा अँगल, बिजागऱ्या बसवायच्यात. रॉड ६०१३ (साध्या लोखंडी कामाचा नेहमीचा प्रकार), कोरडे आहेत. १२ नंबर (२.५ मिमी) ८० अँपिअरवर मस्त चालतो, पण जोड वरवरचा वाटतो, हातोडा मारला की कडेने उकलतो. १० नंबर (३.१५ मिमी) ११०वर लावला तर सुरुवातीलाच चिकटतो, १३०ला नेला की मशीन बंद पडतं. अर्थचा क्लॅम्प घासून साफ केलाय, होल्डरची केबलही बदलून पाहिली. मीटरपासून मशीनपर्यंतची वायर मात्र १.५ स्क्वेअरची (चौरस मिमी जाडीची) आणि बरीच लांब आहे. माझा संशय तिच्यावरच आहे.

वायर ४ स्क्वेअरची केली तर १० नंबर नीट चालेल, की कडा तासून १२ नंबरनेच दोन-तीन पास (वेल्डचे थर) मारू? आणि अशा कमी व्होल्टेजला २०० अँपिअरचं मशीन खरं किती अँपिअर देतं?