दूरशिक्षणातून एमसीए: जावा येतंय, पण क्लास कोणते पाडायचे तेच समजेना

मोंढ्यातला_पोरगा, लातूर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबण लावून विचारतोय, सांभाळून घ्या.

वय 31, बी.एस्सी. गणित. लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानात कॉम्प्युटरवर बसतो. पट्ट्या (शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या) काढायच्या, खतावणी करायची, शेठच्या मोबाइलला रिचार्ज मारायचा, हे सगळं माझ्याकडेच. जानेवारीत दूरशिक्षणातून एमसीएला (कॉम्प्युटरमधली पदव्युत्तर पदवी) प्रवेश घेतला. पहिल्या सत्राची परीक्षा जूनमध्ये दिली, निघाली. आता दुसऱ्या सत्रात ऑब्जेक्ट ओरिएंटेड अ‍ॅनालिसिस अँड डिझाइन (प्रोग्रामचे तुकडे कसे पाडायचे तो विषय) आलंय आणि गाडी तिथं रुतलीय.

जावा ही प्रोग्रामिंगची भाषा येत नाही असं नाही. एन्कॅप्सुलेशन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम, झोपेतून उठवून व्याख्या विचारा. पण उदाहरण कुठलंही उघडा, 'प्राणी' नावाचा क्लास (म्हणजे साचा), त्याचा 'कुत्रा', तो भुंकतो, त्याचं 'मांजर', ते म्याँव करतं. त्यापुढं गाडी जात नाही. मी लातूर पॅटर्नमध्ये वाढलेला गडी. बारावीला प्रश्नसंच इतके सोडवले होते की पेपरात प्रश्न दिसला की हात आपोआप चालायचा. इथं 'ग्रंथालयासाठी क्लास डायग्राम काढा' म्हणतात. छापील उत्तर बघितलं की पटतं. ते झाकून स्वतः काढलं की भलतंच निघतं, आणि माझं चुकलं की तेही चालतं हे सांगायला कुणी नाही. अभ्यासकेंद्रावर रविवारी तास असतो. पहाटेची एसटी धरून तीनदा गेलो. शेवटच्या वेळी आम्ही दोघंच होतो. सरांनी स्लाइड वाचून दाखवल्या अन् साडेअकराला सोडलं. ग्रुपवर विचारलं तर सोडवलेल्या असाइनमेंटची पीडीएफ आली, 'भाऊ, उतरवून काढ, पास होतोस'.

म्हणून सरावाला आमच्याच दुकानाचा प्रोग्राम लिहायला घेतला. 'व्यक्ती' हा मूळ क्लास, त्यातून 'शेतकरी', 'आडत्या', 'खरेदीदार'. 'पट्टी' क्लासमध्ये नुसते गेटर-सेटर (माहिती वाचायच्या-बदलायच्या सोयी). सगळा हिशोब 'दुकानव्यवस्थापक' नावाच्या एका क्लासमध्ये, तो 900 ओळींच्या पुढं गेलाय. चालत होतं. मागच्या आठवड्यात शेठच्या स्वतःच्या रानातलं सोयाबीन औशाहून आमच्याच दुकानी आलं. आता शेठ आडत्या की शेतकरी? दोन ऑब्जेक्ट (साच्यातून काढलेल्या वस्तू) केले तर एका शेठचे दोन शेठ झाले. एकाचा मोबाइल नंबर बदलला, दुसऱ्याचा जुनाच राहिला.

परीक्षा डिसेंबरात आहे. सध्या सोयाबीनची आवक जोरात, घरी यायला रात्रीचे नऊ होतात. एकट्यानं हा विषय कसा धरावा?

बालाघाटचा_वारा

31 व्या वर्षी एमसीए, तेही दूरशिक्षणातून? पुण्यात विचारणार कोण? त्यापेक्षा चार महिन्यांचा पायथनचा क्लास लावा आणि मोकळे व्हा.

परळी_पॅसेंजर, मूळ अंबाजोगाई, आता पुणे

दादा, वरच्या प्रतिसादावर रात्र जागू नका. मी दूरशिक्षणातूनच केलं आणि मार्कशीट हातात आली तेव्हा 34 वर्षांची होते. लेकरू झोपलं की ब्लॉक (अभ्यासाची पुस्तिका) उघडायचा, असं.

तुमच्या शेठचा घोळ हा अख्ख्या विषयातला सगळ्यात कामाचा घोळ आहे. तो तुम्हाला फुकटात सापडलाय. जावात ऑब्जेक्ट एकदा 'न्यू' करून जन्माला घातला की मरेपर्यंत त्याचा क्लास बदलत नाही, आणि एका क्लासला थेट दोन बाप देता येत नाहीत. म्हणजे 'शेतकरी' म्हणून जन्मलेला माणूस उद्या भुसार व्यापारी झाला की तुमचा प्रोग्राम हात वर करणार. मोंढ्यात तर हे रोज होतं.

आपल्याकडे एकाच माणसाला एका मांडवात मामा म्हणतात, दुसऱ्या मांडवात नवरदेवाचा काका. त्यासाठी आपण दोन माणसं जन्माला घालत नाही. नातं लग्नावरून ठरतं. तसं तुमच्याकडे ते पट्टीवरून ठरतं. 'पट्टी'त दोन फील्ड ठेवा, 'विकणारा' आणि 'घेणारा'. दोन्हींचा प्रकार 'व्यक्ती'च. शेठचा एकच ऑब्जेक्ट कुठल्या पट्टीत विकणारा असेल, कुठल्या पट्टीत घेणारा. तीन पोटक्लास गेलेच, पुसून टाका. पुढं कधी शेतकऱ्यापुरती वेगळी माहिती लागली, सातबारा वगैरे, तर 'भूमिका' असा क्लास करून व्यक्तीपाशी त्यांची यादी ठेवा. आज नको.

आता ते 900 ओळींचं धूड. 1989 साली केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी ऑब्जेक्टचा विचार शिकवायला साधी कार्डं वापरायची युक्ती मांडली. त्यांना सीआरसी कार्ड म्हणतात. वर क्लासचं नाव, डावीकडे त्याची जबाबदारी, उजवीकडे त्याला मदत करणारे क्लास. मी कार्डं विकत आणलीच नाहीत. घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतोच, कोऱ्या बाजू कापून घेतल्या. (माझ्या 'खाते' क्लासच्या मागं अजून 'आमच्या येथे श्री कृपेकरून' छापलेलं आहे.) पेन्सिलनं लिहायचं. कार्ड लहान असतं हाच फायदा, जागा संपली की समजायचं ह्याच्यावर ओझं जास्त झालं. मग कार्डं टेबलावर मांडून एक पट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवायची, मोठ्यानं बोलून: वजन कोणाला माहीत? भाव कोणाला माहीत? मग गुणाकार त्यानंच करायचा, दुसऱ्यानं त्याचे खिसे तपासून नाही.

समजा 18 कट्टे, वजन 10.80 क्विंटल, भाव 4,350. झाले 46,980. हमाली कट्ट्यामागं 12 धरली तर 216, तोलाई क्विंटलमागं 5 धरली तर 54. हातात 46,710. आत्ता तुमच्या व्यवस्थापकात 'हमाली असेल तर असं, तोलाई असेल तर तसं' अशी इफची उतरंड असणार, पैज लावते. त्याऐवजी 'वजावट' हा इंटरफेस (काय करायचं एवढंच सांगणारा करार) करा, त्यात एकच मेथड (काम), पट्टी घेऊन रक्कम परत देणारी. 'हमाली' कट्टे मोजेल, 'तोलाई' क्विंटल मोजेल, पट्टीला त्यातला फरक कळायची गरजच नाही. उद्या नवीन वजावट आली की नवीन क्लास लिहायचा, जुन्याला हात लावायचा नाही. पॉलिमॉर्फिझम कशाला लागतं ते मला अशाच एका बिलावर कळलं. कुत्र्यामांजरावर सहा महिने कळलं नव्हतं.

आणि कार्डं एकट्यानं खेळू नका, समोर कोणीतरी बसवा. प्रोग्रामिंग येणारंच पाहिजे असं नाही.

गोदाकाठ, नांदेड

कॉलेजात हा विषय शिकवतो म्हणून परीक्षेच्या बाजूनं थोडं.

ताईंचं सगळं मान्य, पण कार्डांवर थांबू नका. पेपर यूएमएलमध्ये (आकृत्या काढायची ठरलेली चिन्हभाषा) सोडवायचा असतो. बूच, रम्बॉ आणि जेकबसन या तिघांच्या आपापल्या वेगळ्या पद्धती होत्या, त्या एकत्र येऊन यूएमएल झालं आणि 1997 मध्ये ओएमजी या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेनं ते प्रमाण म्हणून स्वीकारलं. बऱ्याच अभ्यासक्रमांत रम्बॉची जुनी ओएमटी पद्धतही अजून असते: ऑब्जेक्ट मॉडेल, डायनॅमिक मॉडेल, फंक्शनल मॉडेल. मुलं दोन्हींची खिचडी करतात आणि मार्क घालवतात. क्रम असा ठेवा, आधी यूज केस (वापरणाऱ्याला काय करायचंय ते), मग क्लास डायग्राम, मग त्यातल्या एकाच यूज केसचा सीक्वेन्स डायग्राम (कोण कोणाला कधी काम सांगतं ते). सीक्वेन्स काढताना सगळे बाण एकाच चौकटीतून निघायला लागले की तुमचा 'दुकानव्यवस्थापक' परत आला म्हणून समजा.

क्लास डायग्राममधल्या रेघेच्या टोकाच्या भरीव आणि पोकळ डायमंडमध्ये नेहमी गोंधळ होतो. पट्टी आणि तिच्यातल्या ओळी यांच्यात भरीव, कारण पट्टी फाडली की ओळीही गेल्या. पट्टी आणि विकणारा यांच्यात साधी रेघ. पट्टी फाडली म्हणून शेतकरी जात नाही.

साहित्याचं म्हणाल तर इग्नूच्या एमसीएत हाच विषय दुसऱ्या सत्रात आहे, एमसीएस-219. त्यांचे ब्लॉक ई-ज्ञानकोश या त्यांच्या साइटवर कुणालाही वाचता येतात, तुमचं विद्यापीठ कुठलंही असो. जावासाठी एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या साइटवर आयआयटी खरगपूरची व्याख्यानं आहेत.

वाऱ्याला उत्तर म्हणून: मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणातली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी असं यूजीसीनं 2022 च्या सप्टेंबरात स्पष्ट केलंय. संस्था यूजीसीच्या दूरशिक्षणाच्या यादीत आहे ना, तेवढं प्रत्येकानं स्वतः तपासावं.

मोंढ्यातला_पोरगा, लातूर

ताई, सर, आभार. उशिरा लिहितोय, मधे दोन दिवस आवक एवढी होती की दुकानातच झोपलो.

रविवारी मोंढा बंद. चुलतभावाच्या पत्रिका उरल्या होत्या त्या कापल्या. समोर बसवायला कोण, तर आमचे मुनीमजी. 68 वर्षांचे, चाळीस वर्षं वही लिहिलेली, कॉम्प्युटरला ते 'डबडं' म्हणतात. चहा पाजून गादीवर बसवलं अन् कार्डं मांडली.

"काय करायलास रे हे? पत्ते?"

म्हटलं, मुनीमजी, हे कार्ड पट्टी. ही स्वतःचा हिशोब स्वतः करणार.

"पट्टी कधी हिशोब करती का? हिशोब मी करतो." यावर दहा मिनिटं गेली. शेवटी म्हणाले, बरं, करू दे तिला, मला तेवढाच आराम.

मग एक खरी पट्टी चालवली. 'व्यक्ती', 'पट्टी', 'हमाली', 'तोलाई' असं पुढं जात गेलो. ताई, वजावटीचा इंटरफेस मी आदल्या रात्रीच लिहिला होता आणि जोशात त्यात 'उचल' पण घातली होती. शेतकरी पेरणीला बियाण्यासाठी पैसे नेतो, ते मालातून कापायचे, म्हणजे वजावटच की. मुनीमजींनी ते कार्ड उचललं, चष्मा वर केला अन् पट्टीच्या रांगेतून काढून लांब ठेवून दिलं.

"हे इथलं नाही. पट्टी मालाची असती, उचल माणसाची. ती खात्यावर."

मी म्हटलं, शेवटी वजाच होते ना, काय फरक पडतो? त्यांनी विचारलं, एका गड्याची एकाच दिवशी दोन पट्ट्या झाल्या तर? निम्मं सोयाबीन वाळलेलं, निम्मं ओलं, दोन सौदे, दोन भाव. उचल कोणत्या पट्टीत कापशील?

घरी येऊन तेच करून बघितलं. जूनमधली 10,000 ची उचल माझ्या प्रोग्रामनं दोन्ही पट्ट्यांत कापली. 10,000 च्या जागी 20,000 कापले, शेतकऱ्याला 10,000 चा फटका. आता 'खाते' वेगळं काढलंय. पट्टी फक्त निव्वळ रक्कम सांगते, ती खात्यावर जमा होते, उचल खात्यावर नावे असते, दोन्हींचा मेळ खातं घालतं. व्यवस्थापक 900 वरून 140 ओळींवर आला.

सर, सीक्वेन्स डायग्राम पण काढला. बाण बऱ्यापैकी विखुरलेत. एकच अडचण उरलीय. पंधरा-वीस पट्ट्यांची बेरीज केली की कधीकधी वहीपेक्षा एखादा पैसा इकडंतिकडं येतो. मुनीमजींचं बरोबर येतं, माझं येत नाही. क्लास पाडण्यात अजून काही चुकलं का?

परळी_पॅसेंजर

'उचल माणसाची' हे मी माझ्या टीमला सांगणार आहे, मुनीमजींना नमस्कार सांगा. पैशाचं म्हणाल तर क्लास बरोबर आहेत. रक्कम 'डबल'मध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) ठेवलीय का? जावात डबलनं 0.1 आणि 0.2 मिळवून छापून बघा, 0.3 येत नाही, 0.30000000000000004 येतं. दशांश तंतोतंत ठेवणारं बिगडेसिमल वापरा. ते तयार करताना आकडा अवतरणात द्या, डबलमधून देऊ नका, नाहीतर घाण तशीच आत येते. आणि दोन रकमा जुळतात का हे बघायला 'इक्वल्स' नको, 'कम्पेअरटू'. इक्वल्सच्या लेखी 2.0 आणि 2.00 वेगळे.

मोंढ्यातला_पोरगा, लातूर

डबलच आहे ताई. सगळीकडं. बसतो आता बदलत.