घसारा : १० टक्के वाढवून मूळ किंमत का येत नाही?

कपाशीचं_रान : नमस्कार मंडळी. गावातल्या अभ्यासिकेत आठवीच्या पोरांची चक्रवाढव्याजाची उदाहरणं चालू आहेत. एक असं : ट्रॅक्टरची किंमत दरवर्षी १० टक्क्यांनी घटते. ३ वर्षांनी ती ४,३७,४०० रुपये झाली, तर घेतानाची किंमत किती? पोट्टे तीनदा १०-१० टक्के वाढवतात, ५,८२,१७९.४० येतात. उत्तर ६,००,००० दिलंय. त्यांना कसं समजावू? आणि किंमत निम्मी कधी होईल, हे कसं काढायचं?

पाटी_पेन्सिल : भाऊ, आधी फळ्यावर सरळ गणित करा. ६,००,००० मधून पहिल्या वर्षी ६०,००० गेले, दुसऱ्या वर्षी ५,४०,००० चे १० टक्के म्हणजे ५४,०००, तिसऱ्या वर्षी ४८,६००. टक्के तेच, पण ज्याच्यावर काढतो ती रक्कम दरसाल बदलते. म्हणून एकदम ३० टक्के वजा करून ४,२०,००० लिहिणंही चूकच.

आता उलटं. दरवर्षी ०.९ ने गुणलं, तर मागे जाताना ०.९ नेच भागायचं. १.१ ने गुणणं म्हणजे भागणं नव्हे, कारण ०.९ × १.१ = ०.९९. दर फेरीत १ टक्का गळतो. ०.९ चा घन ०.७२९, ४,३७,४०० ÷ ०.७२९ = ६,००,०००.

लोकसंख्येतही हाच घोळ. ५ टक्के वाढीने आज १७,६४० असेल, तर २ वर्षांपूर्वीची १७,६४० ÷ १.१०२५ = १६,०००. पोरं ०.९५ ने दोनदा गुणतात.

वऱ्हाडी_लॉग : निम्मी होण्याचं आठवीत गुणत जाऊनच दाखवा. ०.९ चा सहावा घात ०.५३१४, सातवा ०.४७८३. म्हणजे सातव्या वर्षात निम्मी.

अकरावी-बारावीवाल्यांना लॉग (१० चा कितवा घात घेतला की ती संख्या येते, तो आकडा) : लॉग ०.५ ÷ लॉग ०.९. इथे हमखास घसरतात. लॉगच्या टेबलावरून लॉग ०.९ बार १.९५४२ (म्हणजे १ च्या डोक्यावर आडवी रेघ) येतो, आणि पोरं तो उणे १.९५४२ धरतात. बार फक्त १ वर आहे : −१ + ०.९५४२ = −०.०४५८. तसंच लॉग ०.५ = बार १.६९९० = −०.३०१०. भागाकार ६.५७ वर्षं. चुकीच्या वाचनाने ०.८७ येतं, पण पहिल्या वर्षात १० टक्केच घटतात, मग वर्षाच्या आत निम्मी कशी होईल? एवढं तरी पोरांना विचारायला लावा.

कपाशीचं_रान : बारचं नीट कळलं. आयोडीन-१३१ या किरणोत्सारी पदार्थाचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) ८ दिवस, ८० मिलिग्रॅमचे २४ दिवसांनी किती उरतील, यात पोरं घातांक २४ टाकतात.

पाटी_पेन्सिल : घातांकात दिवस नाहीत, फेऱ्या येतात. २४ ÷ ८ = ३, म्हणून ८० × १/८ = १० मिलिग्रॅम. सहामाही व्याजातही तसंच : दीड वर्ष, १२ टक्के म्हणजे ३ फेऱ्या, दर फेरीला ६ टक्के. फेऱ्या वाढवतात आणि दर अर्धा करायचा विसरतात, तिथं लक्ष ठेवा.