पॅरानॉर्मल रोमान्स आणि स्त्रीकेंद्री कादंबरी यांचे परीक्षण एकाच मापाने करावे का?

पानोपानी

माझे कादंबरीवाचन प्रामुख्याने दोन प्रकारांत विभागले गेले आहे. एकीकडे व्हॅम्पायर, वेअरवुल्फ (लांडग्याचे रूप घेणारी माणसे), चेटकिणी आणि पिशाच्चे यांच्या जगात घडणाऱ्या प्रेमकथा, म्हणजे पॅरानॉर्मल रोमान्स. दुसरीकडे घटस्फोट, मातृत्व, बहिणींमधला दुरावा, उतारवयात नव्याने उभे केलेले आयुष्य अशा विषयांभोवती फिरणाऱ्या आणि प्रकाशक ज्यांना विमेन्स फिक्शन म्हणतात त्या स्त्रीकेंद्री कादंबऱ्या. दोन्हींवर मी परीक्षणे लिहिते, आणि लिहिताना एकच अडचण पुन्हा पुन्हा आडवी येते.

स्त्रीकेंद्री कादंबरीविषयी लिहिताना पात्रांच्या वागण्यामागची कारणे पटतात का, नात्यांतले ताण खरे वाटतात का, हे मी तपासते. तेच निकष घेऊन पॅरानॉर्मल रोमान्सकडे वळले, की तीनशे वर्षे जगलेला नायक पहिल्याच भेटीत नायिकेला आपली नियतीने नेमलेली जोडीदार मानतो, हे मला उथळ वाटू लागते. या प्रकाराचे नियमित वाचक मात्र नेमक्या त्याच प्रसंगासाठी पुस्तक हातात घेतात. बरे, "या प्रकारात असे चालायचेच" म्हणून सोडून द्यावे, तर त्यातले चांगले पुस्तक कोणते आणि रतीब घातल्यासारखे लिहिलेले कोणते, हे वाचकाला सांगायचे कसे? शेवट सुखाचाच होणार हे आधीच ठरलेले असेल, तर शेवटाविषयी काय लिहावे आणि काय झाकून ठेवावे, हाही प्रश्न उरतोच. दोन्ही प्रकार मनापासून वाचणाऱ्यांनी आपली पद्धत सांगावी, ही विनंती.

प्रतिसाद: उंबरठा

माप एकच ठेवावे, परंतु ते पुस्तकाने स्वतः दिलेल्या वचनाला लावावे, असे माझे मत आहे. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका ही १९८० मध्ये स्थापन झालेली लेखकांची संघटना. तिने रोमान्सची व्याख्या दोन अटींत बसवली होती. कथेच्या केंद्रस्थानी प्रेमकथा हवी, आणि शेवट भावनिक समाधान देणारा व आशादायी हवा. म्हणजे सुखान्त ही लेखिकेची कमकुवत बाजू ठरत नाही, ती त्या प्रकाराची अटच आहे. शेवट गोड आहे म्हणून कादंबरी भाबडी ठरवणे आणि रहस्यकथेत अखेर खुनी सापडतो म्हणून नाक मुरडणे, या दोन्ही तक्रारी सारख्याच निरर्थक आहेत.

तेव्हा परीक्षणात लिहावे ते अडथळ्याविषयी. माणसांच्या प्रेमकथेत अडथळा उभा करायला लेखिकेला घराणी, पैसा, गैरसमज असे काही शोधावे लागते. पॅरानॉर्मल रोमान्समध्ये तो प्रकृतीतच असतो. तो मरणार नाही आणि ती मरणार आहे, किंवा तिला स्पर्श केला तर तो तिच्या जिवावर उठेल. हा अडथळा जितका खरा, तितकी त्याच्या सोडवणुकीची किंमतही खरी असली पाहिजे. नायिका अमर होणार असेल, तर आपली आई आपल्यासमोर म्हातारी होऊन जाणार आणि आपण तशाच राहणार, हे तिला कुठेतरी कळले पाहिजे. त्याऐवजी शेवटून दुसऱ्या प्रकरणात तिच्या पणजीच्या रक्तात काही दैवी अंश असल्याचे उघड होते आणि सगळे प्रश्न एकदम मिटतात, अशी सुंठीवाचून खोकला घालवणारी पुस्तके ढिगाने सापडतील. वाईट पुस्तक ओळखण्याची माझी पहिली खूण हीच आहे, आणि तिच्यासाठी नियतीच्या जोडीदाराची कल्पना मनाला पटावी लागत नाही.

दुसरी खूण नियमांची. समजा, तिसऱ्या प्रकरणात नायक नायिकेच्या दाराबाहेर ताटकळत उभा आहे, कारण आमंत्रणावाचून त्याला आत पाऊल टाकता येत नाही. त्या प्रसंगातली सगळी ओढ या एका मर्यादेतून आलेली असते: ती दाराच्या आत, हात कडीवर, आणि "ये" हा एक शब्द उच्चारायचा की नाही हे सर्वस्वी तिच्या हातात. विसाव्या प्रकरणात शत्रूने तिला परक्या घरात कोंडल्यावर हाच नायक दार फोडून थेट आत येत असेल आणि त्याविषयी लेखिका चकार शब्द काढत नसेल, तर तिसरे प्रकरणही मागाहून पोकळ होते. हे परीक्षणात जरूर लिहावे. मात्र नियम पुस्तकाचा तपासावा, आपल्या डोक्यातला नव्हे. व्हॅम्पायर उन्हात फिरताना दाखवला म्हणून तुटून पडणारी परीक्षणे मी वाचली आहेत. १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतला काउंटही दिवसा बाहेर पडतो, फक्त त्याच्या शक्ती तेव्हा मर्यादित असतात. उन्हाने पिशाच्च नष्ट होण्याची कल्पना रुजली ती १९२२ च्या 'नोस्फेराटू' या मूकपटापासून.

प्रतिसाद: रातवा

उंबरठा यांच्या नियमांविषयीच्या मुद्द्याशी सहमत आहे. वचनाच्या मुद्द्याशी अर्धीच. पुस्तकाने दिलेले वचन पुष्कळदा ढालीसारखे वापरले जाते, आणि परीक्षण लिहिणाऱ्याने त्या ढालीमागे काय आहे हे पाहणे माझ्या मते आवश्यक आहे.

वेअरवुल्फ कादंबऱ्यांतला 'अल्फा' नायक घ्या. तो नायिकेवर हुकूम सोडतो, तिच्याशी बोलणाऱ्या प्रत्येक पुरुषावर गुरगुरतो, तिला न विचारता तिचे घर बदलतो, आणि हे सगळे लांडग्याच्या स्वभावाच्या नावावर खपवले जाते. या स्वभावाची कथा मोठी बोधप्रद आहे. कळपावर सत्ता गाजवणाऱ्या अल्फाची कल्पना बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या, एकमेकांशी नाते नसलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांतून आली आणि लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती सर्वदूर पोहोचली. याच मेक यांनी १९९९ मध्ये लिहिले, की जंगलातला कळप हा बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते, त्यामुळे तिथे अल्फा म्हणणे म्हणजे केवळ आई किंवा बाप म्हणणे होय. कादंबरीने प्राणिशास्त्र शिकवावे असे मी म्हणत नाही. परंतु नायकाची दांडगाई ही लांडग्याची देणगी नसून लेखिकेची निवड आहे, एवढे परीक्षणात स्पष्टपणे म्हणता येते, आणि ती निवड कथेत कुठे तपासली जाते का, असा प्रश्नही विचारता येतो.

संमोहनाचेही तेच. डोळ्यांत पाहून मन वळवण्याची शक्ती नायकाकडे असेल, तर नायिकेच्या होकाराला काय अर्थ उरतो? चांगली लेखिका हा प्रश्न वाचकाच्या आधी नायिकेच्याच तोंडी घालते, आणि नायकाला ती शक्ती तिच्यावर न वापरण्याची किंमत मोजायला लावते. जिथे हा प्रश्न कोणीच विचारत नाही, तिथे मी गुणांकनात हात आखडता घेते आणि त्याचे कारण लिहिते.

नियमित वाचकांना हे सगळे चालतेच, असेही कोणी समजू नये. जॅनिस रॅडवे यांचे 'रीडिंग द रोमान्स' हे १९८४ चे संशोधन प्रेमकथा नेमाने वाचणाऱ्या स्त्रियांच्या एका गटावर आधारलेले आहे. या स्त्रिया पुस्तके निवडताना एका पुस्तकविक्रेतीचा सल्ला घेत, आणि ती नव्या प्रेमकथांची परीक्षणे देणारी पत्रिकाही काढत असे. नायकाचा रुबाब या वाचकांना हवा होता, पण त्यासोबत हळुवारपणा नसेल तर तो त्यांना मंजूर नव्हता, आणि नायिकेला क्रूरपणे वागवणारी पुस्तके त्या नापसंत करत. शेवट सुखाचा आहे याची आधीच खातरजमा करून घेणाऱ्याही त्यांच्यात होत्या. पानोपानी, शेवट सांगण्याच्या तुमच्या चिंतेवर हे एक उत्तर आहे: ते दोघे एकत्र येतात, ही माहिती झाकण्यासारखी नाही. ते कशामुळे येतात, ती झाकावी.

प्रतिसाद: तळटीप

सगळी उलटतपासणी बिचाऱ्या व्हॅम्पायरचीच का चालली आहे? स्त्रीकेंद्री कादंबरीला आपण वास्तववादी समजतो आणि म्हणून तिच्याकडे फार उदारपणे पाहतो. दोन बहिणी आईच्या मृत्यूनंतर तिचे कपाट आवरत आहेत, वर्षानुवर्षांचा अबोला आहे, दोघींना एकाच साडीवर हक्क सांगायचा आहे आणि दोघीही तिचे नाव काढत नाहीत. इथवर उत्तम. मग खालच्या खणात न पाठवलेल्या पत्रांचा गठ्ठा सापडतो, त्यात आईने सगळा खुलासा करून ठेवलेला असतो, आणि जे भांडण बहिणींनी भांडायला हवे होते ते आईचे अक्षर सोडवून टाकते. नेमक्या वेळी हाती येणारे हे पत्र माझ्या लेखी कोणत्याही पिशाच्चाइतकेच अमानवी आहे. फक्त त्याला कोणी पॅरानॉर्मल म्हणत नाही.

या प्रकारात वचन सुखान्ताचे नसते. लग्न मोडले तरी चालते, टिकले तरी चालते; नायिका जिथे पोहोचते तिथे ती स्वतःच्या निर्णयाने पोहोचली पाहिजे. त्यामुळे गंभीर आजार, गर्भपात, घरातली हिंसा असे विषय घेतले एवढ्यावरच 'हृदयस्पर्शी' म्हणून चार तारे देऊन मोकळे होणे मला मान्य नाही. विषयाचे वजन हे लेखनाचे वजन नव्हे. जॉर्ज एलियट या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज लेखिकेने १८५६ मध्ये 'सिली नॉव्हेल्स बाय लेडी नॉव्हेलिस्ट्स' हा लेख लिहिला, तेव्हा त्यांचा रोख केवळ लेखिकांवर नव्हता. लेखिकेची कुवत जितकी कमी, तितकी समीक्षकांची स्तुती वाढत जाते, आणि ती खरोखर समर्थ झाली की हेच समीक्षक हात आखडतात, हे त्यांनी त्यात उपरोधाने दाखवले आहे. कौतुकाच्या आवरणातला हा कमीपणा आजही परीक्षणांत दिसतो. "प्रवासात वाचायला छान" हे वाक्य मी कोणत्याही पुस्तकाविषयी लिहीत नाही.

पानोपानी

सर्वांचे आभार. संमोहन आणि पत्रांचा गठ्ठा हे दोन्ही मुद्दे एकाच तराजूत घालता येतात, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आता एक उपप्रश्न. सध्या वाचत असलेल्या कादंबरीत घटस्फोटित नायिका आजीच्या घरी परतते आणि मृत आजी तिच्याशी स्वयंपाकघरात बोलू लागते. शेजारी एक सुतारही आहे आणि मुखपृष्ठावर त्या दोघांचेच चित्र आहे. हिला कोणत्या रांगेत बसवावे? शिवाय ही मालिकेतली चौथी कादंबरी आहे, आणि तिची प्रत मला प्रकाशनाआधी विनामूल्य मिळाली आहे.

प्रतिसाद: उंबरठा

मुखपृष्ठावर विसंबू नका, ते विक्री विभाग ठरवतो. मी मनातल्या मनात एकेक गोष्ट काढून पाहतो. सुतार काढला तर कादंबरी उभी राहते का? राहत असेल, तर ती रोमान्स नाही. तिच्यात एक प्रेमप्रकरण आहे, इतकेच. आजी काढली तर? नायिकेला त्याच गोष्टी एखाद्या मैत्रिणीनेही ऐकवल्या असत्या, तर आजीचे भूत हे निव्वळ सजावट आहे, आणि तसे लिहावे. पण जिवंतपणी आजी जे बोलली नाही ते आता बोलते आहे आणि नायिकेला तिच्याशी भांडावे लागते आहे, असे असेल तर भूतच कथेचा कणा आहे.

ते भूत खरे की नायिकेच्या मनातले, हे लेखिका शेवटी सांगते का, याकडेही लक्ष ठेवा. अ‍ॅन रॅडक्लिफ यांच्या १७९४ च्या 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो'मध्ये भयप्रद वाटलेल्या गोष्टींचा अखेरीस लौकिक खुलासा होतो, आणि त्या खुलाशाने पुष्कळ वाचकांचा विरस होतो. तुमच्या कादंबरीत खुलासा असेल, तर तो पटतो की नाही एवढेच लिहा. तो काय आहे हे लिहू नका. रोमान्सच्या शेवटाबाबत रातवा यांनी दिलेली मोकळीक इथे लागू पडत नाही, कारण या पुस्तकाने शेवटाविषयी वाचकाला काहीच वचन दिलेले नाही.

मालिकेबाबत पहिल्याच परिच्छेदात दोन गोष्टी सांगाव्यात: आधीचे भाग न वाचता ही कादंबरी कळते का, आणि तिचा स्वतःचा शेवट होतो की पुढच्या भागासाठी वाचकाला कड्यावर लटकत ठेवले आहे. पॅरानॉर्मल मालिकांत बहुधा प्रत्येक भागात नवी जोडी असते आणि मोठे युद्ध मात्र भागांमागून भाग चालूच राहते, त्यामुळे आधीच्या जोडीचा उल्लेख केला तरी आधीच्या पुस्तकाचा शेवट फुटतो. तिथे नावे गाळलेली बरी.

प्रतिसाद: रातवा

विनामूल्य प्रतीचा उल्लेख परीक्षणाच्या सुरुवातीलाच करा, तळाशी बारीक अक्षरांत नको. शिवाय आगाऊ प्रत ही बहुधा अंतिम मुद्रितशोधनाआधीची असते, म्हणून टंकनदोषांवर शेरा मारू नका आणि एखादे वाक्य उद्धृत करायचे असेल तर ते प्रकाशित प्रतीशी ताडून घ्या. आजीचे संवाद तर हमखास उद्धृत करावेसे वाटतील.