नर नसताना मादी ससा केस उपटून घरटं करतेय, गाभण आहे का?

प्रश्न
दोन माद्या एकत्र राहतात, नर नाही. त्यातली एक कालपासून तोंडात सुकं गवत आडवं धरून कोपऱ्यात नेते, गळ्याखालचे आणि पोटाचे केस उपटून त्यावर पसरते. हात पुढे केला की गुरगुरते. घरटं काढून टाकावं का?

उत्तर १
मुळीच काढू नका. काढलंत की ती नव्याने केस उपटेल आणि कातडी उघडी पडेल. उलट सुकं गवत भरपूर टाका, म्हणजे अस्तराला केस कमी लागतील.

दोन्ही माद्याच असतील तर ही खोटी गर्भधारणा. सशाच्या मादीत बीज समागमाच्या चालनेने, साधारण १० ते १२ तासांनी सुटतं. दुसरी मादी पाठीवर चढली तरी ती चालना मिळू शकते. मग शरीर गाभण असल्यासारखंच वागतं आणि १६ ते १८ दिवसांनी संप्रेरकं उतरली की घरटं सुरू होतं. खरी गाभण मादी साधारण ३१ दिवसांनी विते, केस बहुतेक शेवटच्या एक-दोन दिवसांत उपटते. खोटं घरटं ती सहसा काही दिवसांत सोडून देते. त्याकडे फिरकेनाशी झाली की मगच आवरा. तोवर तिला उचलू नका. ती जागा राखतेय, तिचा स्वभाव बिघडलेला नाही.

उत्तर २
खाणं आणि लेंड्या यांवर डोळा ठेवा. सशाला ओकता येत नाही, गिळलेले केस पुढेच सरकावे लागतात; खाणं थांबलं की आतडी मंदावतात. १०-१२ तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या बंद झाल्या, तर थेट डॉक्टर.

गवत न नेता नुसतेच केस जात असतील, मानेवर-पाठीवर कोंडा दिसत असेल, तर तो घरट्याचा प्रकार नाही, माइट्स (कातडीवरचे बारीक किडे) तपासून घ्या.

प्रश्नकर्ता
दोघी माद्या आहेत हे विकणाऱ्याने सांगितलं होतं, तपासलेलं नाही.

उत्तर ३
मग आधी तेच करा. लहान वयात लिंग ओळखताना सर्रास चूक होते. डॉक्टरांना दोघांचंही लिंग बघायला सांगा, या मादीचं पोटही तपासून घ्या. एक नर निघाला तर लगेच वेगळा करा, कारण मादी व्याल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते. नसबंदीनंतरही नराला चार ते सहा आठवडे दूरच ठेवायचं.

शंका फिटेपर्यंत खोकं देऊन ठेवा: ४५ सेंमी लांब, २५ रुंद, पुढची कड १५ सेंमीच्या आसपास. फार मोठं नको, पिल्लं विखुरतात आणि गारठतात. एरवी ते गाभणपणाच्या २८व्या दिवसाच्या सुमारास ठेवतात. फार आधी दिलं तर मादी त्यातच घाण करते. पिल्लं झालीच, तर आई जवळ बसत नाही म्हणून घाबरू नका. ती दिवसातून एक-दोनदा, काही मिनिटंच पाजते. सकाळी पोटं गोल, टम्म दिसली की दूध मिळतंय. कातडी सुरकुतलेली आणि अंग गार असेल तर लगेच डॉक्टरांना फोन करा.

दोघी माद्याच निघाल्या आणि हे वारंवार होऊ लागलं, तर नसबंदी करून घ्या. गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोकाही त्याने टळतो. फक्त आत्ता नको; घरटं सुटून दूध आटू द्या, मग तारीख घ्या.